गच्चीवरच्या बागेला आपोआप पाणी: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारी ठिबक यंत्रणा

घरच्या बागेला आपोआप पाणी द्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी बोर्ड शोधायला लागतात. कोणता कंट्रोलर घ्यावा, मोबाइलवर दिसेल का, सेन्सर किती लागतील. मीही तेच केलं आणि एक अख्खा उन्हाळा वाया घालवला. पहिला प्रश्न खरं तर असा आहे: पाण्याची टाकी कुंड्यांपेक्षा किती उंच आहे? याचं उत्तर मिळालं की अर्धं सामान तिथेच ठरतं.

माझी बाग दुमजली घराच्या गच्चीवर आहे. एकूण ३६ कुंड्या. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, वांगी, मिरच्या. नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते आणि ४४-४५ तर आपल्याला नेहमीचेच. एका लग्नासाठी चार दिवस गावाला गेलो, परत आलो तेव्हा मिरच्यांचे खराटे झाले होते. मग घरात पडलेला कूलरचा जुना पंप काढला, त्याला नळी जोडली आणि टायमर लावला. पहिल्या चार कुंड्यांत तळं, शेवटच्या दहा कोरड्या ठणठणीत. कूलरचा पंप पाणी फार तर पाच-सहा फूट चढवतो. नळीत दाब असा काही तो देत नाही.

प्रेशर

ठिबकच्या दुकानात दाब ‘किलो’त मोजतात. एक किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो, म्हणजेच १० मीटर उंच पाण्याचा दाब. बाग अंगणात असेल आणि टाकी दुमजली घराच्या गच्चीवर असेल, तर सहा-सात मीटर उंची फुकट मिळते. तेवढ्यावर ड्रिपर (नळीला लावायची थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी) बरे चालतात आणि पंपाची गरज नाही. टाकीतून येणारा पाइप, फिल्टर आणि १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा नळ), झालं.

गच्चीवरच्या बागेची अडचण ही की टाकी पण तिथेच, चार-पाच फुटांच्या ओट्यावर. दीड मीटर म्हणजे जेमतेम ०.१५ किलो. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी-जास्त होतं. एक किलोला ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर ०.१५ किलोला दीड लिटरच्या आसपास देतो, आणि गच्चीला थोडा उतार असला तरी या कुंडीत जास्त, त्या कुंडीत कमी असं होतं. शिवाय बाजारात मिळणारे अर्धा इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह आतल्या पडद्यावर चालतात आणि नीट उघडण्यासाठी त्यांना साधारण ०.२ किलोचा दाब लागतो. गच्चीवर व्हॉल्व्ह ‘टक’ आवाज करतो आणि पाणी येतच नाही. लोक व्हॉल्व्ह खराब म्हणून बदलून आणतात, नवाही तसाच वागतो.

गच्चीसाठी दोन मार्ग आहेत. दहा-पंधराच कुंड्या असतील तर नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर घ्या, मात्र तो बॉल व्हॉल्व्हचा, शून्य प्रेशरवर चालणारा हवा. नळापासून लांब नळी ओढू नका, सगळ्या कुंड्या एका पातळीवर ठेवा आणि इथेच वाचन थांबवलंत तरी चालेल. कुंड्या जास्त असतील तर छोटा पंप लावा. मी पंप लावला, म्हणून पुढचं सगळं त्याविषयी.

आधी तहान मोजा

हा टप्पा सगळे टाळतात. एखाद्या कुंडीला रोज किती पाणी लागतं हे कुठल्या तक्त्यात शोधण्यापेक्षा वजनकाट्यावर पाहा. कुंडीला खालून पाणी निथळेपर्यंत पाणी द्या, तासाभराने वजन करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पाणी देण्याआधी, पुन्हा वजन करा. जितके किलो कमी भरले तितके लिटर पाणी त्या झाडाने आणि उन्हाने मिळून प्यायलं. हे मेच्या मधल्या आठवड्यात करा, म्हणजे सर्वात मोठा आकडा हाती येईल.

माझ्याकडे १२ इंची कुंड्यांत साधारण दीड लिटर गेलं, मोठ्या ग्रो बॅगमध्ये तीन लिटर, लहान टांगत्या कुंड्यांत पाऊण लिटर. तुमचे आकडे वेगळे येतील. कुंडी सिमेंटची की प्लास्टिकची, पश्चिमेचं ऊन लागतं की नाही, यावर बरंच अवलंबून आहे.

आता ड्रिपर असे निवडायचे की सगळ्यांची वेळ एकच यावी. १२ इंची कुंडीला ताशी ४ लिटरचा एक, ग्रो बॅगला तसेच दोन (दोन बाजूंना), टांगत्या कुंडीला २ लिटरचा एक. दीडला चारने भागा, तीनला आठने भागा, पाऊणला दोनने भागा, तिन्ही वेळा साडेबावीस मिनिटंच येतात. त्यामुळे वेगवेगळे व्हॉल्व्ह, वेगवेगळे झोन यांची भानगड उरत नाही. माझ्या २० मध्यम, १० मोठ्या आणि ६ लहान कुंड्यांना मिळून ताशी १७२ लिटर लागतात आणि भर मेमध्ये दिवसाला सुमारे ६५ लिटर. २०० लिटरचा ड्रम तीन दिवस पुरतो.

निवडुंग, कोरफड, अडेनियम या ओळीत बसवू नका. त्यांना हातानेच द्या.

सामान

ड्रिपर, नळ्या आणि फिल्टर कॉटन मार्केटकडच्या शेती-साहित्याच्या दुकानांत सुटे मिळतात, इलेक्ट्रॉनिक्ससाठी सीताबर्डी. ऑनलाइन ‘गार्डन किट’ पाहून मोहात पडू नका. त्यातली नळी पातळ असते आणि एका उन्हाळ्यात चिरते. शेतीची काळी १६ मिलिमीटरची लॅटरल (ड्रिपरना पाणी पोहोचवणारी मुख्य नळी) उन्हासाठीच बनवलेली असते.

मला लागलेलं सामान असं: झाकणाचा २०० लिटरचा निळा ड्रम, मिनिटाला ५ लिटर देणारा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, १२० मेशचा (म्हणजे बारीक जाळीचा) स्क्रीन फिल्टर, ४ किलोपर्यंतचा प्रेशर गेज, दोन बॉल कॉक (हाताने फिरवायच्या मुठीचे, टाकीतले तरंगते नव्हेत), २५ मीटर लॅटरल, ४ मिलिमीटरची बारीक नळी, ग्रोमेट (लॅटरलच्या भोकात बसणारं रबर) आणि टेक-ऑफ (त्यात बसणारा बारीक नळीचा जोड), ड्रिपर, टी (तीन तोंडांचा जोड), एल्बो, टेफ्लॉन टेप. ड्रिपर दाब-नियंत्रित प्रकारचे घ्या. दाब थोडा वरखाली झाला तरी ते सारखंच पाणी देतात. मात्र कूलरच्या पंपावर किंवा दीड मीटरच्या टाकीवर ते चालणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स धरून एकूण खर्च सहा हजारांच्या आत राहिला. ड्रम घरचाच होता.

ड्रम कशाला, थेट टाकीतूनच पंप का नाही? एक तर काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात पोळेल इतकं तापतं. ड्रम सावलीत ठेवता येतो. दुसरं म्हणजे ड्रममध्ये पातळ खत मिसळता येतं आणि ते पाणी घरच्या नळात उलटं शिरायची भीती राहत नाही. ड्रम भरण्यासाठी फ्लोट व्हॉल्व्ह (ड्रम भरला की आपोआप बंद होणारी तरंगती तोटी) लावा, आणि टाकीतून येणारी नळी ड्रमच्या पाण्याच्या पातळीच्या वरच सोडा, बुडवू नका. झाकण घट्ट हवं, फटीला जाळी हवी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो.

नळ्या जोडताना

क्रम असा: ड्रम, फिल्टर, पंप, टी, प्रेशर गेज, लॅटरल. टीच्या मोकळ्या तोंडाला एक बॉल कॉक लावून तिथून नळी परत ड्रममध्ये सोडा. ही परतीची वाट महत्त्वाची. पंप ताशी ३०० लिटर ढकलतो आणि कुंड्या १७२च घेतात. उरलेलं पाणी कुठे जाणार? वाट दिली नाही तर दाब चढत जातो, पंपाचा स्वतःचा प्रेशर स्विच दर दोन सेकंदांनी पंप बंद-चालू करतो आणि एखाद्या पहाटे बारीक नळी ‘फट्’ करून निसटते. कॉक थोडा थोडा फिरवून गेज एक किलोवर आणा आणि कॉकची मूठ काढून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी ‘घट्ट’ करणार नाही.

लॅटरल कुंड्यांच्या ओळींमधून गोल फिरवून तिच्याच सुरुवातीला लावलेल्या दुसऱ्या टीला आणून जोडा. पाणी दोन्ही बाजूंनी येतं, त्यामुळे दूरच्या कुंडीला कमी मिळत नाही. सर्वात खालच्या जागी एक टी टाकून तिला एंड कॅप लावा. नळी धुताना ती उघडायची. लॅटरल एक दिवस उन्हात पसरून ठेवली की सरळ होते, नाहीतर सापासारखी वळत राहते. भोक खिळा तापवून पाडू नका, पंचनेच पाडा. खिळ्याचं भोक लंबगोल होतं आणि ग्रोमेट कायम झिरपतं. जोड बसत नसेल तर नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवा.

ड्रिपर झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं लांब ठेवा. आणि कुंडीत नुसती काळी माती असेल तर आधी ती बदला. आपली काळी माती सुकली की आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि ड्रिपरचं पाणी त्या फटीतून थेट खाली. बशीत पाणी दिसतं, मूळ कोरडंच. माती, कंपोस्ट, कोकोपीट आणि थोडी रेती मिसळा, वर धानाच्या तणसाचा किंवा वाळल्या पाल्याचा दोन इंच थर द्या.

सगळं जोडल्यावर तपासणी. पाच-सहा ड्रिपरखाली रिकाम्या बाटल्या ठेवा, १५ मिनिटं पंप चालवा, मोजपात्राने मोजा आणि चारने गुणा. ४ लिटरच्या ड्रिपरला ३.६ ते ४.४च्या मध्ये यायला हवं. एखादाच कमी देत असेल तर त्यात कचरा आहे. सगळेच कमी देत असतील तर फिल्टर किंवा प्रेशर पाहा.

एका रात्रीची गोष्ट

पहिल्यांदा यंत्रणा चालू केली, पंप वेळेवर बंद झाला, मी खुशीत झोपलो. सकाळी सहाला शेजारच्या काकू दारात: “तुमच्या गच्चीवरून रातभर पाणी येऊन राहिलं नं भाऊ!” वर जाऊन पाहिलं तर पंप बंद होता, रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बंद होता, ड्रम रिकामा होता.

कारण साधं होतं. ड्रममधल्या पाण्याची पातळी कुंड्यांतल्या ड्रिपरपेक्षा वर होती. नळी एकदा पाण्याने भरली की पंप बंद असला तरी पाणी त्याच्या आतून सायफनसारखं वाहत राहतं. नशीब, तेव्हा ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह लावलेला नव्हता. नाहीतर टाकीही संपली असती.

उपायाला एक रुपयाही लागत नाही. पंपातून निघालेली नळी आधी ड्रमच्या काठाच्या वर न्या, झाकणाच्या आतून फिरवा आणि मग बागेकडे सोडा. आतल्या भागात, पाण्याच्या सर्वात उंच पातळीच्या वर, दीड मिलिमीटरचं भोक पाडा. परतीच्या वाटेचा फाटाही या भोकाच्या पुढेच, ड्रमच्या काठापेक्षा उंच असू द्या आणि त्या नळीचं तोंड पाण्यात बुडवू नका. पंप चालू असताना भोकातून चिळकांडी ड्रममध्येच पडते. पंप बंद झाला की तिथून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. काम झाल्यावर मुद्दाम ड्रम काठोकाठ भरा, पंप पाच मिनिटं चालवून बंद करा आणि तासाभराने पातळी पाहा.

बोर्ड आणि वायरिंग

आता तुमच्या आवडीचा भाग, आणि खरं सांगायचं तर सर्वात सोपा. ईएसपी-३२ बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड), डीएस-३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, एक रिले, १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) आणि ड्रममध्ये फ्लोट स्विच (पाणी आहे की संपलं हे सांगणारा तरंगता स्विच). वेळ इंटरनेटवरून घेता येते, पण वीज गेली की वायफायही जातं आणि बोर्ड परत चालू झाल्यावर त्याला किती वाजले तेच कळत नाही. डीएस-३२३१ची स्वतःची बटण-बॅटरी असते आणि त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास राहते.

छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना झटका मोठा असतो. काही महिन्यांनी रिलेची पानं चिकटतात आणि पंप थांबतच नाही. म्हणून निळ्या रिलेने गाडीच्या हॉर्नचा १२ व्होल्टचा मोठा रिले चालवा आणि त्याने पंप. दोन्ही ठिकाणी ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ हीच टोकं वापरा, म्हणजे वीज नसताना पंप बंद. पंपाच्या आणि मोठ्या रिलेच्या टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू धन टोकाला. पंपाच्या धन तारेत ७.५ अँपिअरचा फ्यूज घाला.

पिन निवडताना ०, २, १२, १५ या टाळा. बोर्ड सुरू होताना त्यांना वेगळं काम असतं आणि रिले उगाच फडफडतो. ६ ते ११ला हातच लावू नका, त्या आतल्या मेमरीच्या आहेत. मी रिलेला २६, फ्लोट स्विचला २७ आणि घड्याळाला २१-२२ दिली आहे.

प्रोग्राममध्ये काय असावं हे भाषेपेक्षा महत्त्वाचं. सुरू होताच पंप बंद, हा पहिला आदेश. मग नियम: ठरलेली वेळ झाली, ड्रममध्ये पाणी आहे आणि ‘सुट्टी’चं बटण (पावसात पाणी थांबवण्यासाठी बोर्डाला जोडलेलं) दाबलेलं नाही, तरच पंप चालू. सलग १० मिनिटांपेक्षा जास्त कधीच नाही, मग काहीही होवो. मध्येच वीज गेली तर राहिलेलं पाणी ‘भरून काढायचं’ नाही. ती पाळी सोडून द्यायची. एका पाळीत झाड मरत नाही.

आणि एवढं करूनही माझा प्रोग्रामवर पूर्ण विश्वास नाही. पंपाच्या एसएमपीएसला मी वेगळा डिजिटल टायमर सॉकेट लावला आहे, पहाटे सव्वाचार ते सहा आणि संध्याकाळी सव्वासात ते आठ. बोर्ड वेडा झाला किंवा रिले चिकटला तरी या वेळांच्या बाहेर पंपाला वीजच मिळत नाही. टायमर आत बॅटरी असलेला घ्या. फिरत्या तबकडीचा टायमर वीज गेली की मागे पडतो. बोर्डाला मोबाइलचा वेगळा चार्जर पुरतो, फक्त चार्जर आणि एसएमपीएस यांची ऋण टोकं एकमेकांना जोडायची गरज पडते का, हे तुमच्या रिले मॉड्यूलवर पाहा.

डबा गच्चीवर उघड्यावर नको. पाऊस परवडला, पण मेच्या दुपारी उन्हातल्या बंद डब्यात एसएमपीएस भाजून निघतो. जिन्याच्या खोलीत भिंतीवर लावा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची जाड तार न्या. २३० व्होल्टचा प्लग ज्या सॉकेटला आहे त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. तो नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वेळापत्रक

मेमध्ये इथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. ड्रमचं पाणी पहाटे सर्वात गार असतं, म्हणून मी साडेचार, पाच आणि साडेपाच अशा तीन वेळा पाच-पाच मिनिटं देतो आणि संध्याकाळी साडेसातला आठ मिनिटं. एकदम १५ मिनिटं दिली तर बरंचसं पाणी खालून निघून जातं. थांबून थांबून दिलं की माती पसरून ओलावते. दुपारी झाडं मान टाकतात. ती पाहून घाबरून पंप चालवू नका, संध्याकाळी ती पुन्हा उभी राहतात. सकाळी सातलाही मान पडलेली असेल तरच पाणी कमी आहे.

मेचा आकडा १०० टक्के धरा. मार्चमध्ये मी ६०, एप्रिलमध्ये ८०, ऑक्टोबरच्या उन्हात ५० आणि डिसेंबर-जानेवारीत ३० टक्के ठेवतो, आणि हिवाळ्यात संध्याकाळची पाळी बंद. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की ‘सुट्टी’चं बटण. पण पावसाळ्यात आठ-दहा दिवसांची उघडीप पडते, तेव्हा ते बटण आठवणीने काढावं लागतं. मी तरी दरवर्षी विसरतो.

५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली तर हे आकडे पुन्हा मोजा. मला मेमध्ये पाणी बरंच कमी लागलं.

सेन्सर लावायचा का

मातीची ओल मोजणारा सेन्सर पहिल्या वर्षी नको. दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर तर कधीच नको. ओल्या मातीत वीज वाहून त्यांचे काटे काही आठवड्यांत झिजतात. कपॅसिटिव्ह प्रकारचे (ज्यांचा धातू थेट मातीला लागत नाही) टिकतात, पण वरच्या कडेला दिसणारे सुटे भाग नेलपॉलिश किंवा इपॉक्सीने झाकावे लागतात. त्याची तार ३२ ते ३९ यांपैकी पिनला जोडा, कारण वायफाय चालू असताना बाकीच्या ॲनालॉग पिना वाचता येत नाहीत. हवेत धरून एक आकडा आणि ग्लासभर पाण्यात रेघेपर्यंत बुडवून दुसरा आकडा घ्या. मातीचा आकडा या दोहोंमध्ये येईल.

मी एकच सेन्सर लिंबाच्या कुंडीत ठेवला आहे आणि त्याला एकच अधिकार दिला आहे: माती ओली असेल तर पाळी रद्द करायचा. पंप चालू करायचा अधिकार त्याला नाही. तो मातीतून उपटला गेला तर ‘कोरडं कोरडं’ म्हणत दिवसभर पाणी सोडेल.

देखभाल

दर पंधरा दिवसांनी फिल्टरची जाळी धुवायची आणि एंड कॅप उघडून दोन मिनिटं पंप चालवायचा. पहिल्यांदा निघणारं गढूळ पाणी पाहून नवल वाटेल. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो. ड्रिपर काढून लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवा. जमत असेल तर ड्रममध्ये महापालिकेच्या नळाचंच पाणी घ्या, नदी-धरणाचं पाणी बोअरपेक्षा मवाळ असतं. आणि कूलरचं उरलेलं पाणी ड्रममध्ये ओतू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार तळाशी साठत जातात, तेच मग कुंडीत उतरतात.

खारी उन्हाळ्यात बारीक नळ्या कुरतडतात. त्यांनाही तहान लागलेली असते. गच्चीच्या कोपऱ्यात मातीचं पसरट भांडं भरून ठेवायला लागल्यापासून माझ्या नळ्या वाचल्या. त्या भांड्यावरही एक २ लिटरचा ड्रिपर सोडला आहे.

गावाला जाण्याआधी तीन दिवस यंत्रणा पूर्ण आपोआप चालू द्या आणि हात लावू नका. जी काही चूक असेल ती तुम्ही घरी असतानाच दिसेल. ड्रमजवळ मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: पाणी वाहत राहिलं तर जिन्यातला पांढरा प्लग काढा आणि टाकीकडचा लाल कॉक आडवा करा. एक किल्ली शेजारी ठेवा. आमची काकूंकडे असते. आता पाणी खाली आलं तर त्या आधी प्लग काढतात, मग फोन करतात.